मधूनच येणारे, आपोआप जाणारे एरर: लायब्ररी वापरणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅकएंडवर काम करणाऱ्यांना रोज भेडसावणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणं पायथन आणि डेटाबेसची जास्त आहेत, पण जावा, नोड किंवा गो वापरणाऱ्यांनाही कारणं ओळखीची वाटतील.

एरर दिवसातून एखाद-दोनदा येतो, पुन्हा चालवलं की जातो. सोडून दिला तर चालेल का?

सोडून देऊ नका, आणि घाईने कोडही बदलू नका. असा एरर उगाच येत नसतो. त्याची एक अट असते आणि ती पुरी झाली की तो हमखास येतो. ती अट लॉगमध्ये (प्रोग्रॅम स्वतःबद्दल लिहितो त्या नोंदींत) कुठेच उमटत नाही, म्हणून तो लहरी वाटतो. कनेक्शन किती वेळ रिकामं पडून होतं, दोन थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारी कामं) एकाच ऑब्जेक्टला एकाच क्षणी भिडले का, कोणत्या सर्व्हरवर विनंती गेली, अशा या अटी असतात.

जिम ग्रे यांनी टँडम कंपनीत असताना १९८५ मध्ये स्पूलरच्या (छपाईची कामं रांगेत लावणाऱ्या प्रोग्रॅमच्या) एरर लॉगचा अभ्यास मांडला होता. तिथे एक प्रोसेस अडली की तिची जोडीदार प्रोसेस तेच काम पुन्हा करून बघायची. सॉफ्टवेअरच्या १३२ दोषांपैकी फक्त एकदा जोडीदारही अडली. बाकी सगळे दुसऱ्या प्रयत्नात निभावले. म्हणजे पुन्हा प्रयत्न करणं हा भक्कम उपाय आहे. पण तिथे चूक सापडताच प्रोसेस तिथल्या तिथे थांबायची, तिची नोंद व्हायची आणि पुढचं काम दुसऱ्या प्रोसेसकडे जायचं. आपण यातला फक्त 'पुन्हा कर' एवढाच भाग उचलतो, नोंद आणि स्वच्छ सुरुवात दोन्ही गाळतो. माझ्या मते निम्मे त्रास तिथेच सुरू होतात.

मग सुरुवात कुठून करू?

लॉगपासून. एरर जिथे पकडता तिथे फक्त संदेश छापू नका, पूर्ण साखळी छापा. पायथनच्या रिक्वेस्ट्स या एचटीटीपी लायब्ररीत वर 'कनेक्शन एरर' दिसतो. आत गुंडाळलेला असतो अर्लिबथ्रीचा, म्हणजे रिक्वेस्ट्स आतून वापरते त्या लायब्ररीचा, एरर आणि त्याच्याही आत मूळ एरर: समोरच्याने कनेक्शन तोडलं, नाव सापडलं नाही, सर्टिफिकेट चाललं नाही, वगैरे. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि वरचं नाव तिन्हींना एकच असू शकतं.

एवढं तरी नोंदवा: मिलिसेकंदापर्यंतची वेळ (सगळीकडे एकाच टाइमझोनमध्ये), मशीनचं नाव, प्रोसेस आणि थ्रेडचा क्रमांक, कितवा प्रयत्न होता, त्या प्रयत्नाला किती वेळ लागला आणि विनंतीचा आयडी. कनेक्शन नवं होतं की पूलमधलं (पुन्हा वापरायला उघड्या ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्यातलं) जुनं, हे कळत असेल तर सोन्याहून पिवळं.

मग एरर वेळेप्रमाणे मांडून नुसते बघा. दर तासाच्या ठोक्याला येत असतील तर कुठलातरी क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) धावतोय. एकाच मशीनवर येत असतील तर ते मशीन बघा. डिप्लॉय झाल्यावर, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवल्यावर, मिनिटभरच येत असतील, तर जुना प्रोसेस हातातल्या विनंत्या पूर्ण न करताच मारला जातोय. शांत काळानंतरच्या पहिल्याच विनंतीला येत असतील तर पुढचा प्रश्न तुमच्यासाठी आहे. आणि प्रत्येक प्रयत्नाचा वेळ बघायला विसरू नका. विनंती बरोबर ५ सेकंद अडकून मग पुढे जात असेल तर मी आधी डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) तपासेन, कारण लिनक्समध्ये तो पत्ता शोधणाऱ्या रिझॉल्व्हरचा मूळ टाइमआउट ५ सेकंद असतो. ३० सेकंदांनी आलेला एरर बऱ्याचदा कनेक्शन पूलमध्ये एकही मोकळं कनेक्शन नसल्याचा असतो. पायथनच्या एसक्यूएल अल्केमी या डेटाबेस लायब्ररीच्या पूलमध्ये कनेक्शनची वाट बघण्याची मूळ मर्यादा तेवढीच आहे.

'कनेक्शन रिसेट बाय पीअर' हा एरर थोडा वेळ ट्रॅफिक नसला की येतो. दोष कोणाचा?

बहुतेक वेळा कोणा एकाचा नाही, दोन बाजूंच्या घड्याळांचा. मधूनच येणाऱ्या एररमधलं हे सगळ्यात जास्त भेटणारं कारण, म्हणून नीट सांगते.

एचटीटीपी लायब्ररी दर वेळी नवं कनेक्शन उघडत नाही. एकदा उघडलेलं पूलमध्ये ठेवते आणि पुढच्या विनंतीला तेच देते. समोरचा सर्व्हरही ते काही काळ उघडं ठेवतो आणि मग कंटाळून बंद करतो. आता असं समजा की सर्व्हरने बंद करण्याचं पॅकेट पाठवलं, आणि ते वाटेत असतानाच इकडून तुमची विनंती त्याच कनेक्शनवर निघाली. दोन्ही पॅकेट वाटेत एकमेकांना ओलांडून जातात. सर्व्हरच्या लेखी ते कनेक्शन संपलेलं आहे, म्हणून तो रिसेट पाठवतो. तुमच्या कोडमध्ये काही चुकलेलं नसतं, सर्व्हरमध्येही नसतं. ही खिडकी काही मिलिसेकंदांची असते, त्यामुळे हजारो विनंत्यांमध्ये एखादीच सापडते.

याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या) ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरमागे, म्हणजे विनंत्या सर्व्हरांत वाटून देणाऱ्या थरामागे, ठेवलेला नोडचा सर्व्हर. लोड बॅलन्सर रिकामं कनेक्शन मुळात ६० सेकंद धरून ठेवतो, तर नोडच्या एचटीटीपी सर्व्हरचा कीप-अलाइव्ह टाइमआउट (रिकामं कनेक्शन उघडं ठेवण्याची मुदत) वर्षानुवर्षं ५ सेकंद राहिलेला आहे. साहजिकच सर्व्हर आधी बंद करतो, लोड बॅलन्सर मेलेल्या कनेक्शनवर विनंती टाकतो आणि वापरणाऱ्याला मधूनच ५०२ (मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर न मिळाल्याचा कोड) दिसतो. उपाय एका ओळीचा आहे: सर्व्हरचा टाइमआउट ६० सेकंदांपेक्षा थोडा जास्त ठेवा. नियम म्हणून लक्षात ठेवा, विनंती पाठवणाऱ्या बाजूनेच कनेक्शन आधी सोडायला हवं.

याच कुळातला दुसरा प्रकार म्हणजे मध्ये बसलेलं नॅट (आतले नेटवर्क पत्ते बदलून बाहेर पाठवणारा थर) किंवा फायरवॉल. एडब्ल्यूएसच्या नॅट गेटवेवर कनेक्शन ३५० सेकंद गप्प राहिलं की तो ते विसरतो, आणि तेही दोन्ही टोकांना न कळवता. पुढच्या वेळी तुम्ही काही पाठवलंत की मग रिसेट येतो. लिनक्समध्ये टीसीपी कीप-अलाइव्ह (कनेक्शन जिवंत आहे का हे बघायला पाठवायची पॅकेट) चालू केलं तरी पहिलं पॅकेट मूळ सेटिंगनुसार ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी जातं. नॅटच्या हिशेबाने तोवर फार उशीर झालेला असतो. ते दोन-तीन मिनिटांवर आणा, किंवा पूलमधल्या कनेक्शनचं आयुष्य मधल्या सगळ्या टाइमआउटपेक्षा कमी ठेवा.

रिट्राय (आपोआप पुन्हा प्रयत्न) लावला की प्रश्न मिटला ना?

एका गोष्टीवर अवलंबून आहे: एरर आला तेव्हा समोर काम झालं होतं की नव्हतं? तिथे तीन शक्यता असतात. कनेक्शनच जुळलं नाही, म्हणजे काम नक्की झालं नाही. विनंती गेली पण उत्तर आलं नाही, म्हणजे झालंही असेल. आणि समोरून स्पष्ट नकार आला, म्हणजे तो नकार वाचायला हवा. पहिल्या प्रकारात बिनधास्त रिट्राय करा. दुसऱ्यात काम दोनदा झालं तर काय बिघडेल, ते आधी ठरवा. तिसऱ्यात ४०० (विनंतीच चुकीची) किंवा ४०१ (ओळख पटली नाही) आला असेल तर हजार वेळा विचारलंत तरी उत्तर बदलणार नाही.

अर्लिबथ्रीने हा फरक छान सांभाळला आहे. कनेक्शन जुळण्याआधीच एरर आला तर ती लायब्ररी पोस्टसकट कुठल्याही मेथडला (एचटीटीपी विनंतीच्या प्रकाराला) पुन्हा प्रयत्न करते. विनंती गेल्यानंतर उत्तर वाचताना एरर आला तर फक्त गेट, हेड, पुट, डिलीट, ऑप्शन्स आणि ट्रेस यांनाच. पोस्ट आणि पॅच मुद्दाम वगळले आहेत. 'आमचा रिट्राय चालतच नाही' ही तक्रार घेऊन येणाऱ्यांचं बहुतेक वेळा पोस्टच असतं. ती परवानगी यादी बदलून सगळ्याच मेथड उघड्या करायचा सल्ला सर्रास दिला जातो. समोरची सेवा एकच विनंती दोनदा आली तर ओळखते याची खात्री असल्याशिवाय तो सल्ला मानू नका.

आणखी एक: त्याच लायब्ररीत बॅकऑफचा (दोन प्रयत्नांमध्ये थांबण्याचा) घटक मुळात शून्य असतो. म्हणजे तुम्ही 'पाच वेळा' एवढंच सांगितलंत तर पाचही प्रयत्न एका दमात होतात. रिक्वेस्ट्समध्ये तर काहीच न सांगता एकही रिट्राय होत नाही.

पेमेंटचा कॉल टाइमआउट झाला. पुन्हा पाठवू का?

आंधळेपणाने कधीच नाही. आधी स्टेटस विचारा. टाइमआउट म्हणजे 'अयशस्वी' असं कोडमध्ये लिहिलेलं दिसलं तर ते त्याच दिवशी काढा. टाइमआउटचा अर्थ 'ठाऊक नाही' एवढाच. डेटाबेसच्या तक्त्यात यशस्वी आणि अयशस्वी यांच्या जोडीला 'अनिश्चित' ही तिसरी स्थिती हवी, आणि तिचा छडा लावणारा वेगळा जॉब हवा.

हे आपल्याकडे नियमातही आहे. खात्यातून पैसे गेले पण समोरच्याला पोचले नाहीत, अशा यूपीआय व्यवहारासाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये मुदती ठरवून दिल्या. व्यक्तीकडून व्यक्तीकडे जाणारे पैसे व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत, त्यानंतर रोज १०० रुपये भरपाई. एवढी मोठी यंत्रणा अनिश्चित स्थिती गृहीत धरून चालते, तर आपल्या कोडमध्येही तिला जागा हवी.

पेमेंट गेटवे आयडेम्पोटन्सी की (तीच विनंती पुन्हा आली हे ओळखायची खूण) स्वीकारत असेल तर ती वापराच. स्ट्राइपसारख्या सेवा ती हेडरमध्ये घेतात आणि त्याच कीने दुसरी विनंती आली तर पहिलंच उत्तर परत देतात. इथे एक बारीक चूक हमखास होते: की रिट्रायच्या लूपच्या आत तयार केली जाते. मग प्रत्येक प्रयत्नाला नवी की मिळते आणि सगळा खटाटोप वाया जातो. की लूपच्या बाहेर, ऑर्डर बनते तिथेच तयार करा आणि विनंती पाठवण्याआधी डेटाबेसमध्ये लिहा. मध्येच प्रोसेस पडला तरी तीच की हाती राहते.

किती वेळा आणि किती थांबून प्रयत्न करावा?

एकूण तीन प्रयत्न बहुतेकांना पुरतात. प्रत्येक वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करा, त्याला वरची मर्यादा घाला आणि त्यात रँडमपणा मिसळा. रँडमपणा नसेल तर एकाच क्षणी अडलेले शंभर क्लायंट पुन्हा एकाच क्षणी सर्व्हरवर धडकतात, आणि नुकता उठलेला सर्व्हर परत झोपतो. शून्यापासून मर्यादेपर्यंतचा कुठलाही काळ रँडम निवडणं ही सोपी पद्धत चांगली चालते. समोरून ४२९ (फार विनंत्या) किंवा ५०३ (सेवा सध्या बंद) बरोबर 'रिट्राय-आफ्टर' हेडर आलं असेल तर तुमचा हिशेब बाजूला ठेवून त्याचं ऐका. त्यात सेकंद असू शकतात किंवा थेट तारीख-वेळही, दोन्ही वाचता यायला हवं.

यापेक्षा मोठा धोका थरांचा आहे. मोबाइल ॲप तीनदा पुन्हा प्रयत्न करतं, म्हणजे एकूण चार कॉल. त्यामागचा गेटवे प्रत्येक कॉलमागे चार करतो, त्यामागची सेवा डेटाबेसवर प्रत्येकी चार. एका बटणाचे ६४ कॉल झाले, आणि तेही डेटाबेस आधीच धापा टाकत असताना. म्हणून रिट्राय एकाच थरात ठेवा. तुमच्या एसडीकेमध्ये (सेवेने दिलेल्या तयार लायब्ररीत) तो आधीच आहे का ते तपासा. एडब्ल्यूएसची बोटो लायब्ररी स्वतःच करते: स्टँडर्ड मोडमध्ये एकूण ३ प्रयत्न, जुन्या लेगसी मोडमध्ये ५. तिच्याभोवती आपला लूप गुंडाळलात तर गुणाकार सुरू.

टाइमआउट नाही लावला तर?

रिक्वेस्ट्समध्ये मुळात टाइमआउट नसतोच. समोरचा गप्प बसला तर तुमचा वर्कर (विनंत्या हाताळणारा प्रोसेस) तासन् तास अडकून राहील, आणि एरर न येताच सेवा बंद पडेल. कनेक्ट आणि रीड यांचे टाइमआउट वेगळे द्या. आणि लक्षात घ्या, रीड टाइमआउट हा पूर्ण उत्तराचा नसतो, दोन वेळा डेटा येण्यामधल्या शांततेचा असतो. समोरचा दर काही सेकंदांना एकेक बाइट देत राहिला तर १० सेकंदांच्या रीड टाइमआउटमध्येही कॉल अर्धा तास चालू शकतो. एकूण मुदत हवी असेल तर ती वेगळी पाळावी लागते.

मायएसक्यूएलमध्ये कधी डेडलॉक येतो, कधी लॉक वेट टाइमआउट. दोन्हींवर तेच करायचं का?

नाही, आणि हा फरक डेटा बिघडवू शकतो. एरर १२१३, म्हणजे डेडलॉक (दोघं एकमेकांच्या लॉकची वाट बघत अडकणं) आला की इनोडीबी, म्हणजे मायएसक्यूएलचं साठवणीचं इंजिन, तुमचं पूर्ण ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या स्टेटमेंटचा गट) मागे घेतं. एरर १२०५, म्हणजे लॉकची वाट बघून (मुळात ५० सेकंद) कंटाळल्यावर ते फक्त शेवटचं स्टेटमेंट मागे घेतं. आधीची स्टेटमेंट तशीच उघड्या ट्रान्झॅक्शनमध्ये लटकत राहतात. समजा तुम्ही एका खात्यातून रक्कम वजा केली, दुसऱ्यात जमा करताना १२०५ आला, कोडने तो पकडून लॉगमध्ये टाकला आणि पुढे कमिट केलं. वजाबाकी पक्की झाली, बेरीज झालीच नाही.

म्हणून दोन्हींत स्वतः रोलबॅक करा आणि ट्रान्झॅक्शन सुरुवातीपासून चालवा, आधी वाचलेल्या किमतीसुद्धा पुन्हा वाचून. पोस्टग्रेसमध्ये ४०००१ (ट्रान्झॅक्शनची आपसात टक्कर) आणि ४०पी०१ (डेडलॉक) या कोडना हाच न्याय. ट्रान्झॅक्शनच्या आत ईमेल पाठवणं किंवा बाहेरची एपीआय बोलावणं टाळा, कारण रोलबॅकने गेलेला ईमेल परत येत नाही.

'मायएसक्यूएल सर्व्हर हॅज गॉन अवे' सकाळी पहिल्या विनंतीला येतो.

सर्व्हर रिकामं कनेक्शन मुळात ८ तासांनी तोडतो, आणि रात्र तेवढी सहज होते. एसक्यूएल अल्केमीत प्री-पिंग (कनेक्शन देण्याआधी ते जिवंत आहे का बघणं) चालू करा आणि रीसायकलची (जुनं कनेक्शन टाकून नवं घेण्याची) मुदत सर्व्हरच्या मुदतीपेक्षा कमी ठेवा. जावात हिकारी या कनेक्शन पूलमध्ये कनेक्शनचं कमाल आयुष्य मुळात ३० मिनिटं आहे. तुमच्या डेटाबेसची किंवा मधल्या नेटवर्कची मर्यादा त्याहून कमी असेल तर तेही कमी करा. प्री-पिंग फक्त कनेक्शन हाती घेताना तपासतं. ट्रान्झॅक्शनच्या मध्यात तुटलं तर तुमचं तुम्हालाच बघायचं आहे.

एसक्यूलाइट 'डेटाबेस इज लॉक्ड' म्हणतं, टाइमआउट वाढवूनही.

ट्रान्झॅक्शन वाचण्यापासून सुरू होऊन मध्येच लिहायला लागत असेल तर असं होतं. तोवर दुसऱ्याने लिहिलेलं असेल तर वॉल मोडमध्ये (बदल आधी वेगळ्या लॉग फाइलमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत) एसक्यूलाइट वाट न बघता लगेच नकार देतं, टाइमआउट कितीही असो. लिहिणारं ट्रान्झॅक्शन 'बिगिन इमिजिएट'ने सुरू करा.

एसएसएलचा 'बॅड रेकॉर्ड मॅक' अधूनमधून दिसतो. सर्टिफिकेट बदलू?

सर्टिफिकेटला हात लावण्याआधी फोर्क (एका प्रोसेसची प्रत काढून नवा प्रोसेस बनवणं) तपासा. गनिकॉर्न या पायथनच्या वेब सर्व्हरमध्ये प्रीलोड वापरून ॲप आधी चढवलं, त्यातच डेटाबेसचं कनेक्शन उघडलं आणि मग वर्कर फोर्क झाले, तर सगळ्या वर्करांच्या हाती एकच सॉकेट असतं. दोघांनी एकाच वेळी त्यावर लिहिलं की कूटलेखनाचा क्रम बिघडतो आणि हा एरर येतो. ट्रॅफिक कमी असताना तो दिसतच नाही, म्हणून टेस्टिंगमध्ये निसटतो. कनेक्शन फोर्कनंतर, प्रत्येक वर्करमध्ये वेगळं उघडा.

माझ्या मशीनवर येतच नाही. मुद्दाम कसा आणू?

परिस्थिती बिघडवा. लिनक्समध्ये टीसी आणि नेटएम ही नेटवर्कची साधनं वापरून पॅकेट उशिरा पोचवता येतात किंवा गाळता येतात. टॉक्सीप्रॉक्सी हा नेटवर्क बिघडवणारा प्रॉक्सी मध्ये बसवून हवं तेव्हा कनेक्शन तोडता येतं. कीप-अलाइव्हच्या शर्यतीसाठी तर सोपी युक्ती आहे: सर्व्हरचा टाइमआउट १ सेकंद करा आणि क्लायंटकडून साधारण सेकंदा-सेकंदाच्या अंतराने विनंत्या सोडा. प्रॉडक्शनमध्ये आठवड्याने दिसणारा एरर काही मिनिटांत दिसू लागतो.

थ्रेडचा संशय असेल तर गोमध्ये रेस डिटेक्टर (थ्रेडची आपसातली शर्यत पकडणारं साधन) लावून टेस्ट चालवा. सी आणि सी++ मध्ये थ्रेड सॅनिटायझर आहे, आणि प्रोग्रॅमची धाव रेकॉर्ड करणाऱ्या आरआर डीबगरचा केऑस मोड थ्रेडचा क्रम मुद्दाम उलटसुलट करतो. एकदा रेकॉर्डिंग हाती आलं की तोच एरर हवा तितक्या वेळा चालवून बघता येतो.

टेस्ट कधी पास, कधी फेल. सीआयमध्ये (कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत) रीरन लावून टाकू?

रीरन लावा, पण पहिल्या फेलची नोंद कुठेतरी साठवा आणि दर आठवड्याला ती यादी कोणीतरी बघा. गूगलने २०१६ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या सुमारे १६ टक्के टेस्टमध्ये काही ना काही अस्थिरपणा आहे. तेव्हा आपल्याकडे अशा टेस्ट आहेत याची लाज नको. पण अस्थिर टेस्ट कधीकधी कोडमधल्याच खऱ्या शर्यतीकडे बोट दाखवत असते, आणि नुसत्या रीरनमध्ये तो पुरावा पुसला जातो.

दुरुस्ती झाली हे कशावरून मानायचं?

आधी एरर किती प्रमाणात येत होता ते मोजलेलं असेल तरच सांगता येतं. साधा हिशेब आहे: २०० पैकी एकदा येत असेल तर त्याच्या तिप्पट, म्हणजे ६०० वेळा लागोपाठ स्वच्छ चाललं की साधारण ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं की फरक पडला. दुरुस्तीनंतर ५० वेळा चालवून 'आता येत नाही' म्हणण्याला अर्थ नाही, कारण मूळ कोडही ५० पैकी एकदाही न अडण्याची शक्यता तीन-चतुर्थांशाहून जास्त आहे. आणि प्रॉडक्शनचा आकडा मोजताना रिट्रायमुळे वाचलेले कॉलही मोजा. पहिल्या प्रयत्नातलं अपयश वाढत असेल आणि वरून सगळं हिरवं दिसत असेल, तर पुढच्या गर्दीच्या दिवशी ते अंगावर येणार.

लायब्ररीची नवी आवृत्ती घेऊन बघू?

चेंजलॉग (आवृत्तीत काय बदललं त्याची यादी) वाचून घ्या. कारण न कळता आवृत्ती बदललीत आणि एरर गेला, तर तो दुरुस्त झाला की फक्त वेळेचं गणित सरकलं, हे कळायला मार्ग राहत नाही.

मी स्वतः लायब्ररी लिहिते आहे. वापरणाऱ्यांसाठी काय करू?

मूळ एरर कधीही गिळू नका. पायथनमध्ये 'रेज फ्रॉम'ने साखळी जोडता येते. दुसरं, पुन्हा प्रयत्न करण्यासारखे एरर आणि न करण्यासारखे एरर यांचे क्लास वेगळे ठेवा, म्हणजे वापरणाऱ्याला संदेशातले शब्द शोधत बसावं लागणार नाही. संदेश पुढच्या आवृत्तीत बदलतात आणि त्या शोधावर उभा असलेला कोड चूपचाप मोडतो.

लायब्ररी आतल्या आत रिट्राय करत असेल तर ते कागदपत्रांत ठळक लिहा, बंद करायची सोय द्या आणि प्रत्येक प्रयत्नाला लॉगची एक ओळ तरी टाका. टाइमआउटची मूळ किंमत 'अमर्याद' ठेवू नका. एररच्या संदेशात होस्ट, पोर्ट, लागलेला वेळ आणि प्रयत्नाचा क्रमांक द्या. टोकन आणि पासवर्ड मात्र त्यात जाणार नाहीत हे टेस्ट लिहून पक्कं करा. आणि 'माझ्याकडे येत नाही' म्हणून कुणाचा बग बंद करण्याआधी त्याच्याकडे वरची लॉगची यादी मागा. मधूनच येणाऱ्या एररची तक्रार लिहायला माणसाने बराच वेळ घातलेला असतो, आणि तुमच्या लायब्ररीतली ती अट फक्त त्याच्याच नेटवर्कवर पुरी होत असण्याची शक्यता असते.